कचेरीतील राजकारण आणि नोकराचे इमान

(मच्छे येथे ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा हा मजकूर.)



बेळगावहून खानापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले मच्छे हे मूळचे शेतकऱ्यांचे गाव. कालांतराने येथे कारखान्यांची वसाहत उभी राहिली आणि १९९८ साली स्थापन झालेल्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्य ठिकाणही ह्याच परिसरात आले. त्या विद्यापीठाला सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव आहे. हे नाव निघाले की लोकांना धरणे आठवतात, कालवे आठवतात, म्हैसूरचे दिवाणपद आठवते. परंतु हा थोर अभियंता तरुणपणापासून जवळजवळ पंचवीस वर्षे मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकर होता. वरिष्ठांचे शेरे, सहकाऱ्यांची नाराजी, बढतीची चुरस हे सारे त्याच्याही वाट्याला आले होते, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. कचेरीतील राजकारणात सापडलेल्या माणसाने आपले इमान कसे राखावे, हा आजचा विषय आहे, आणि त्याचे उदाहरण मच्छ्याच्या वेशीवरच उभे आहे.

झळ कोणाला लागते?

कचेरीतील राजकारण ही नोकरदारांची घरगुती बाब आहे, तिच्याशी गावाला काय करावयाचे, असे पुष्कळांना वाटते. एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांसमोर आणावा. वडील वारल्यानंतर वारसा नोंदीसाठी एका शेतकऱ्याने अर्ज दिला आहे. कागद सर्व पुरे आहेत. ज्या कारकुनाच्या टेबलावर अर्ज आहे, त्याचे शेजारच्या टेबलावरील कारकुनाशी सहा महिन्यांपासून बोलणे बंद आहे. एक साहेबांच्या मर्जीतला, दुसरा बाहेरच्या एका पुढाऱ्याच्या मर्जीतला. पहिला जुने दप्तर मागतो. दुसरा ‘लेखी मागणी येऊ द्या’ म्हणतो. लेखी मागणी आली की ती बारनिशीत आठ दिवस पडून राहते. शेतकरी दर खेपेला गाडीभाडे खर्चून येतो, दिवसाचे काम बुडवतो आणि ‘साहेब मीटिंगला गेलेत’ एवढे उत्तर घेऊन परत जातो. नोंद नाही म्हणून सोसायटीचे पीककर्ज नाही. कर्ज नाही म्हणून बियाणे उधारीवर. दोन कारकुनांच्या अबोल्याचे व्याज असे तिसऱ्याच माणसाच्या खात्यावर चढत जाते. त्या शेतकऱ्याला भांडणाचे कारण ठाऊक नसते आणि भांडणाऱ्यांना त्याचे नावही आठवत नसते.

शाळेतही हेच घडते. मुख्याध्यापकांचा एक तट आणि जुन्या शिक्षकांचा दुसरा तट पडला, की त्याचा पहिला परिणाम वेळापत्रकावर होतो. गणिताचा तास कोणी घ्यावयाचा ह्या वादात तो तास रिकामा जातो, आणि वर्षअखेरीस मूल गणितात कच्चे राहिले तर दोष मुलाच्या बुद्धीवर ठेवला जातो. म्हणून कचेरीतील राजकारण हा ज्या लोकांसाठी कचेरी आहे त्यांच्या हक्काचा प्रश्न आहे.

मतभेद आणि राजकारण

मतभेद म्हणजे राजकारण नव्हे, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. चार शहाणी माणसे एकत्र काम करू लागली की त्यांच्यात मतभेद होणारच. ज्या कचेरीत मतभेदच नाहीत तेथे बहुधा भीती असते. मतभेद उघड असतो, त्याचा विषय काम हा असतो आणि निर्णय झाला की तो संपतो. राजकारण आडून चालते, त्याचा विषय माणूस हा असतो आणि निर्णय झाल्यावर ते खऱ्या अर्थाने सुरू होते. साहेबांच्या कानाशी लागणे, दुसऱ्याचे काम आपल्या नावावर खपवणे, निनावी अर्ज धाडणे, महत्त्वाचा कागद दोन दिवस मुद्दाम दडवून ठेवणे, गोपनीय अहवालातील शेऱ्याची धास्ती घालणे, बदलीसाठी बाहेरून वजन आणणे ही त्याची नित्याची रूपे होत.

ह्या दोहोंतील सीमारेषा ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. जे समोर बोलता येत नाही ते पाठीमागे बोलू नये, आणि जे टिपणीत लिहिता येत नाही ते कानात सांगू नये. ही कसोटी ऐकावयास सोपी आहे. पाळताना तिची किंमत द्यावी लागते. ती किंमत देणारी माणसे आपल्याच मुलुखात होऊन गेली.

दातर्तीचा सायफन

पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण उत्तम रीतीने पुरे करून विश्वेश्वरय्या १८८४ साली सहायक अभियंता म्हणून मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात दाखल झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस-तेवीस वर्षांचे होते. धुळ्याच्या बाजूला दातर्ती गावाजवळ पाटाचे पाणी पांझरेच्या खोऱ्यातील एका प्रवाहापलीकडे नेण्यासाठी नळाचा सायफन बांधण्याचे काम त्यांच्याकडे आले. दिवस पावसाळ्याचे होते. पूर येऊन केलेल्या कामात अडथळा होऊ लागला, तेव्हा पाऊस ओसरेपर्यंत काम थांबवावे असे त्यांनी वरिष्ठांस कळविले. वरिष्ठांना ही नव्या माणसाची टाळाटाळ वाटली आणि त्यांनी कडक शब्दांत नापसंती दर्शविली.

अशा वेळी नोकरासमोर तीन वाटा असतात. वरिष्ठाच्याही वरिष्ठाकडे आडवाटेने गाऱ्हाणे नेणे ही पहिली. काम नावापुरते चालू ठेवून ते बिघडू देणे आणि मग ‘सांगितले होतेच’ असे म्हणणे ही दुसरी. आपले मत योग्य ठिकाणी, योग्य वेळी नोंदवून झाल्यावर, जो निर्णय झाला तो मनापासून पार पाडणे ही तिसरी. विश्वेश्वरय्यांनी तिसरी वाट धरली. पावसापाण्यात, अंगावर धोका घेऊन त्यांनी ते काम तडीस नेले. पुढे त्याच वरिष्ठाने त्यांच्या कामाची प्रशंसा केली.

ह्यातील दुसऱ्या वाटेबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे. आपले म्हणणे खरे ठरावे म्हणून काम बिघडू देणे, हे कचेरीतील राजकारणाचे सर्वांत सूक्ष्म रूप होय. त्यात खोटे बोलावे लागत नाही, चहाडी करावी लागत नाही, नियमही मोडावा लागत नाही. केवळ हात थोडा आखडता घ्यावा लागतो. वरिष्ठाची फजिती होते आणि ती करणारा निर्दोष राहतो. परंतु त्या बिघडलेल्या कामाच्या खाली ज्यांची शेते असतात त्यांना पाणी मिळत नाही.

पुढे विश्वेश्वरय्यांची योग्यता पाहून सरकारने त्यांना अठरा ज्येष्ठ अधिकाऱ्यांना डावलून बढती दिली. ह्यामुळे खात्यात नाराजी पसरली, हे त्यांनी १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत स्वतः नमूद केले आहे. ज्याला बढती मिळाली तो सहसा अशी गोष्ट लिहीत नाही. आपली बढती न्याय्यच होती एवढेच त्याला दिसते. डावलल्या गेलेल्यांचे दुःखही खरे असते, ही जाणीव ठेवणे हा वर चढलेल्या माणसाचा पहिला धर्म होय. पुढे परकीय राजवटीत खात्यातील सर्वोच्च जागा हिंदी माणसाला मिळण्याचा संभव नाही असे दिसल्यावर, १९०८ साली ते स्वेच्छेने नोकरीतून बाहेर पडले. निवृत्तिवेतनास लागणारी पंचवीस वर्षे भरलेली नव्हती. तरीही मुंबई सरकारने ते मंजूर केले. १९०९ साली म्हैसूर संस्थानाने त्यांना मुख्य अभियंता नेमले आणि १९१२ साली ते दिवाण झाले. दिवाणपद स्वीकारण्यापूर्वी त्यांनी आप्तेष्टांना घरी बोलावून, कोणीही आपल्याकडे वशिल्यासाठी येणार नाही असे वचन घेतले, अशी हकीकत सांगितली जाते. वशिल्याचे दार बंद करावयाचे ते खुर्चीवर बसण्याआधी. बसल्यावर ते बंद करणे अवघड होते.

धुळ्यातील पत्रे

ज्या खानदेशात विश्वेश्वरय्यांनी नोकरीचा आरंभ केला, त्याच खानदेशात त्यापूर्वी पाच वर्षे दुसऱ्या एका सरकारी नोकराची ह्याहून कठीण परीक्षा झाली होती. ते नोकर म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. १८७९ साली पुण्याच्या परिसरात वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाने सरकार हादरले होते. पुण्यातील सुशिक्षितांविषयी संशय बळावला आणि नाशिकास असलेल्या रानड्यांची बदली तातडीने धुळ्यास झाली. तेथे त्यांची टपालाने येणारी पत्रे फोडून पाहिली जात. इतकेच नव्हे, तर बंडवाल्यांच्या नावाने पत्रे त्यांच्याकडे येऊ लागली. अमुक ठिकाणी उठाव व्हावयाचा आहे, अशा प्रकारचा मजकूर त्यांत असे. हा सापळा होता. रमाबाई रानडे यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत ही हकीकत आली आहे.

रानड्यांनी काय केले? त्यांनी आरडाओरडा केला नाही, पत्रे लपवली नाहीत, जाळलीही नाहीत. आलेली पत्रे ते पाकिटासह पोलिस अधिकाऱ्याकडे धाडीत राहिले, आणि आपले न्यायदानाचे काम पूर्वीसारखेच करीत राहिले. काही काळानंतर पोलन नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्यानेच, आपल्याविषयी संशय होता आणि तो आता दूर झाला आहे, असे त्यांना मोकळेपणाने सांगितले. पुढे १८९३ साली रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

कारस्थानाला प्रतिकारस्थानाने उत्तर दिले असते तर रानडे सापडले असते. त्यांनी प्रत्येक कागद उजेडात नेऊन ठेवला. सापळा अंधारात काम करतो; जो माणूस सारे उजेडात ठेवतो त्याला अडकवणे कठीण जाते. आजच्या कर्मचाऱ्यालाही हाच मार्ग मोकळा आहे. कोणी संशयास्पद कागद पुढे केला, तोंडी सांगून चुकीची नोंद करण्यास भाग पाडले, तर तो प्रसंग त्याच दिवशी, तारखेसह, योग्य अधिकाऱ्याच्या नजरेस लेखी आणावा.

शिक्षकांसाठी एक कथा

शिक्षकांना पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा इतिहास परिचित असेल. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ साली सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन महाविद्यालय अशी कामे ज्या मित्रांनी उभी केली, त्यांच्यातच पुढे आजीव सदस्यांचे वेतन, बाहेरची कामे आणि त्यागाची मर्यादा ह्यांवरून तीव्र मतभेद झाले. १८९० साली टिळक सोसायटीतून बाहेर पडले. जाताना त्यांनी आपली कारणे एका दीर्घ राजीनामापत्रात सविस्तर मांडली. आगरकर संस्थेत राहिले, १८९२ साली प्राचार्य झाले आणि १८९५ साली अकाली निवर्तले.

ह्या वादात कडवटपणा आला नाही असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. वृत्तपत्रांतून एकमेकांवर बोचरे लिहिले गेले. थोर माणसांनाही ही कसोटी पूर्णपणे पाळता आली नाही, हे मान्य केलेले बरे. त्यामुळे सामान्यांना धीरच येतो. तथापि दोन गोष्टी विसरता कामा नयेत. पहिली, वाद तत्त्वाचा होता, तो उघड होता आणि कारणे लिहून ठेवलेली होती. दुसरी, भांडण एवढे होऊनही शाळा आणि महाविद्यालय चालू राहिले, मुलांचे तास बुडाले नाहीत. आगरकर गेल्यावर टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. शाळेतील तटबंदीत अडकलेल्या शिक्षकाने स्वतःला विचारावे, की उद्या समोरचा माणूस गेला तर त्याच्याविषयी चार खरी, चांगली वाक्ये आपल्याला लिहिता येतील काय?

अन्याय सोसणे म्हणजे सदाचार नव्हे

येथवर जे सांगितले त्याचा अर्थ ‘गप्प बसावे, सोसावे’ असा कोणी घेऊ नये. कचेरीतील राजकारण निराळे आणि अन्याय निराळा. परदेशी उच्च शिक्षण घेऊन आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीत दाखल झाले, तेव्हा कचेरीतील शिपाई कागद त्यांच्या टेबलावर दुरून फेकीत, पिण्याचे पाणी मिळत नसे, शहरात राहावयास जागा मिळेना. अल्पकाळातच त्यांना ती नोकरी सोडावी लागली. ह्याला रुसवेफुगवे म्हणता येणार नाही. हा अपमान होता आणि त्याच्या मागे शतकांची रूढी उभी होती. बाबासाहेबांनी त्याचे उत्तर कायद्याने दिले. ज्या संविधानाच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते, त्याच्या १६ व्या कलमाने सरकारी नोकरीत समान संधी दिली आणि १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली.

म्हणून जातीवरून, भाषेवरून, स्त्री म्हणून कोणाचा अपमान होत असेल, तर शेजारच्या टेबलावरील माणसाने ‘आपण मध्ये पडू नये’ असे म्हणणे हा तटस्थपणा नव्हे. स्त्री कर्मचाऱ्यांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ साली कायदा झाला असून, दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कचेरीत अंतर्गत समिती असणे त्याने बंधनकारक केले आहे. अशा तक्रारीत साक्ष देण्याचे धैर्य दाखवणे, हा सहकाऱ्याचा धर्म होय.

नियमांचा आधार

सुदैवाने आजच्या कर्मचाऱ्याच्या पाठीशी पूर्वी नव्हता असा आधार आहे. एके काळी गोपनीय अहवालातील प्रतिकूल शेराच तेवढा कर्मचाऱ्याला कळविला जाई. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने अहवालातील प्रत्येक शेरा त्याला कळविला पाहिजे असा निर्णय दिला. २०१३ साली त्याच न्यायालयाने, तोंडी हुकमावर काम न करता ते नोंदवून घ्यावेत, असे सांगितले. महाराष्ट्रात २००५ च्या कायद्याने बदल्यांना नियम घालून दिले आणि कोणतीही फाईल सामान्यतः सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त काळ एका टेबलावर राहू नये असे ठरविले. कर्नाटकात २०११ च्या सेवा हमी कायद्याने, म्हणजे ‘सकाल’ योजनेने, ठरावीक मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क नागरिकाला दिला. वर्तणुकीच्या नियमांत तर, नोकरीविषयक बाबींसाठी बाहेरचे वजन आणण्यास पूर्वीपासूनच मनाई आहे.

मात्र लेखी नोंद हे दुधारी शस्त्र आहे, हेही ध्यानात ठेवावे. प्रत्येक लहानसहान गोष्टीवर मेमो काढणे, खुलासे मागणे, खुलाशावर पुन्हा खुलासा लिहिणे, हे राजकारणाचेच लेखी रूप होय. जे प्रश्न चहाच्या पेल्यासमोर दोन मिनिटांत मिटतात, त्यांसाठी कागद काळे करू नयेत. आधी समोरासमोर बोलावे, नंतर गरज पडल्यास लिहावे. हाताखालच्या माणसाने तयार केलेल्या टिपणीवर त्याचे नाव राहू द्यावे. अनुपस्थित सहकाऱ्याची निंदा निघाली तर ‘ते आल्यावर बोलू’ एवढेच म्हणून विषय बदलावा.

गावाची जबाबदारी

ग्रामस्थांनीही एक गोष्ट प्रांजळपणे कबूल केली पाहिजे. कचेरीतील तटांना खतपाणी पुष्कळदा बाहेरून मिळते. ‘त्या टेबलावर आपला माणूस आहे’ म्हणून रांग मोडणारा, एका भाऊसाहेबांचे बोलणे दुसऱ्या भाऊसाहेबांना तिखटमीठ लावून सांगणारा, रागाच्या भरात निनावी अर्ज टाकणारा गावातूनच येतो. सीमाभागातील कचेऱ्यांत मराठी आणि कानडी बोलणारी माणसे शेजारी शेजारी काम करतात. तेथे एखाद्या साध्या दिरंगाईला भाषेचा रंग देणे फार सोपे असते आणि तो रंग मग लवकर पुसला जात नाही. तक्रार असेल तर ती स्वतःच्या नावाने, सहीनिशी द्यावी, पोच घ्यावी, माहितीच्या अधिकाराचा उपयोग करावा. आणि ज्याने काम वेळेवर केले त्याच्याविषयीही दोन ओळी वरिष्ठांस लिहाव्यात. तक्रारींनी कचेऱ्या भरलेल्या असतात. समाधानाचे पत्र मात्र क्वचितच येते.

इमान राखणाऱ्याला बढती मिळतेच असे आश्वासन कोणीही देऊ शकणार नाही. रानड्यांच्या वाट्याला बदली आली आणि संशय आला. त्यांच्यावरील सावट दूर झाले, पण प्रत्येकाच्या बाबतीत तसे होईलच असे नाही. काहींचे शेरे तसेच राहतील, काहींना आडगावी जावे लागेल. अशा माणसाला घरच्यांनी ‘व्यवहार कळत नाही’ म्हणून हिणवू नये, एवढी अपेक्षा मात्र बाळगता येईल. कारण त्याच्यामुळेच एखादा वारसा नोंदीचा अर्ज दोन टेबलांच्या मध्ये न अडकता पुढे जातो, आणि पेरणीच्या आत त्या शेतकऱ्याच्या हाती उतारा पडतो.

मच्छ्यातील मुले उद्या अभियंते होतील, शिक्षक होतील, कचेऱ्यांतून बसतील. विश्वेश्वरय्यांनी धरणे कशी बांधली हे त्यांना विद्यापीठात शिकवले जाईल. ते नोकर म्हणून कसे वागले, हे मात्र घरी आणि गावात सांगावे लागेल. ते काम आपल्या सर्वांचे आहे.